पाठीवरचं बिऱ्हाड



यंदाच्या मालेत बोलायला सांगितलं तेव्हा मी कार्यवाहांना म्हटलं, या व्यासपीठावर आजवर महादजींवर झालं, ज्ञानेश्वरीवर झालं, संगीतावर झालं. मी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेली बाई, मी काय बोलणार? ते म्हणाले, "ऑस्ट्रेलियात सहा महिने घर गाडीला बांधून फिरलात ना, तेच सांगा." तेव्हा आज प्रवासवर्णन आहे. पण जाता जाता एक घरगुती गोष्टही सांगायची आहे. तुमच्यातले काही जण त्या गोष्टीवरून माझ्यावर नाराज आहेत, हे मला ठाऊक आहे.

आधी आपल्याच गावापासून सुरुवात करते. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला फौजेचा तळ टाकला. तंबू होते, घोडे होते, बाजारबुणगे होते. तळ हलायचा होता, तो हलला नाही. त्याचं शहर झालं आणि नाव राहिलं लष्कर. आजही आपण रिक्षावाल्याला सांगतो, 'शिंदे की छावनी'. आपण सगळे छावणीत राहणारी माणसं आहोत, फक्त दोनशे वर्षांत ते विसरलो. मला त्याची आठवण मेलबर्नच्या बाहेर एका वजनकाट्यावर झाली.

माझा मुलगा, सून आणि दोन नातवंडं मेलबर्नला असतात. नात बारा वर्षांची, नातू आठ. सून पुण्याची. नवरा-बायकोनं नोकरीतून सहा महिन्यांची रजा काढली, मुलांची शाळा दूरशिक्षणानं चालवायची परवानगी घेतली आणि एक जुनी कॅरॅव्हान विकत घेतली. कॅरॅव्हान म्हणजे चाकांवरची खोली. तिला स्वतःचं इंजिन नसतं, मोटारीच्या मागे ओढून न्यायची. आत दोन शेगड्या, बेसिन, फ्रीज, मोरीएवढी न्हाणी, एक पलंग आणि मागच्या बाजूला एकावर एक तीन बर्थ. आपल्या रेल्वेच्या थ्री-टायरसारखे. खालचा बर्थ ज्येष्ठ नागरिकाचा, म्हणजे माझा.

ऑस्ट्रेलियाच्या कडेकडेनं एक महामार्ग जातो, त्याचं नाव हायवे वन. सुमारे साडेचौदा हजार किलोमीटरचा हा रस्ता देशाला जवळजवळ प्रदक्षिणा घालतो. ही प्रदक्षिणा करणाऱ्यांची तिथे मोठी परंपरा आहे. निवृत्त जोडपी करतात, लहान मुलांची कुटुंबंही करतात. आत वळून वाळवंटात गेलात की अंतर आणखी वाढतं. आमचं चोवीस हजारांवर गेलं.

मला यायचं नव्हतं, हे कबूल करते. यजमान गेल्यावर जनकगंजातला वाडा मी एकटी सांभाळत होते. चौदा खोल्या, त्यातल्या नऊ कुलपात. दीर पुण्याला, मुलगा परदेशी. दोघंही दोन वर्षं म्हणत होते की वाडा काढून टाकू. मी कागदांवर सही करत नव्हते. मुलाचा फोन आला तेव्हा मला वाटलं, हा मला फिरवायला नाही, सही घ्यायला बोलावतोय. तसं मी त्याला तोंडावर विचारलंही. तो म्हणाला, "आई, वाड्याचं नाव सहा महिने काढणार नाही." त्यानं शब्द पाळला. ते पुढे मला जड गेलं, कारण भांडायला कोणी उरलं नाही.

आता वजनकाटा. निघायच्या आधी भरलेली कॅरॅव्हान सार्वजनिक काट्यावर नेऊन तोलायची असते. प्रत्येक कॅरॅव्हानला वजनाची कायदेशीर मर्यादा असते, आमची होती तीन टन. शिवाय गाडीच्या जोडगोळ्यावर किती भार पडतो तेही पाहावं लागतं. साधारण एकूण वजनाच्या दहावा हिस्सा तिथे असावा. फार कमी असेल तर वेगात मागचं घर शेपटीसारखं हलायला लागतं आणि उलटतं. आम्ही १४० किलोंनी जास्त भरलो.

मुलगा म्हणाला, पाण्याच्या दोन्ही टाक्या भरल्या आहेत म्हणून. दोन टाक्या मिळून १९० लिटर, म्हणजे १९० किलो. टाक्या रिकाम्या केल्या की प्रश्न सुटला. पण पुढे नलारबोरचं पठार आहे, तिथे शेकडो किलोमीटर गोडं पाणी मिळत नाही. तेव्हा पाणी ठेवायचं की वस्तू, असा सवाल झाला. काट्याच्या शेजारी ताडपत्री पसरली आणि घर रस्त्यावर मांडलं. सुनेनं बिडाचा तवा काढला, मुलानं अर्धी हत्यारं काढली, नातीनं पुस्तकांची अर्धी पेटी काढली. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं, पण सगळे माझ्याच सामानाकडे बघत होते. माझा लोखंडी खलबत्ता होता, सासूबाईंचा. साडेचार किलो. मी तो स्वतः उचलून बाजूला ठेवला. आणि खरं सांगते, पुढच्या सहा महिन्यांत त्याची आठवण मला दोनदा आली, दोन्ही वेळा वेलची कुटताना.

रस्त्यावरचं राहणं कसं असतं, ते थोडं सांगते. संध्याकाळी चारच्या आत थांबायचं, कारण दिवस कलला की कांगारू रस्त्यावर येतात आणि गाडीवर आदळतात. थांबल्यावर प्रत्येकाला नेमून दिलेलं काम. मुलगा चाकांखाली फळ्या घालून घर सपाटीत आणणार, नातू चाकांना ठोकळे लावणार, नात पाण्याची नळी जोडणार, सून बाजूचं कापडी छप्पर ओढून खुर्च्या मांडणार. मी कुकर लावणार. सकाळी हेच उलट्या क्रमानं. संडासाची पेटी तिच्यासाठी ठेवलेल्या जागीच रिकामी करायची. ते काम मुलगा आणि नातू पाळीपाळीनं करायचे. डबा जिथला तिथे नसेल तर वळणावर तो डोक्यात पडतो. पंधरा दिवसांत मला अंधारातही मोहरी सापडायला लागली. वाड्यात चाळीस वर्षं राहून मला मागच्या माडीवर काय आहे ते सांगता आलं नसतं.

आणि आता मराठीची गोष्ट. निघताना नातवाला मराठी समजत होती, पण बोलायचा तो इंग्रजीतच. मी मराठीत विचारावं, त्यानं इंग्रजीत उत्तर द्यावं. सून पुस्तकं आणायची, गाणी लावायची. तो ऐकून घ्यायचा. पण तळावर कॅरॅव्हान मागे घेणं हा एक मोठा प्रसंग असतो. चालकानं चाक डावीकडे वळवलं की मागचं घर उजवीकडे जातं. त्यामुळे एकजण मागे उभं राहून वायरलेसवर सूचना देतो. हा वायरलेस सगळ्यांकडे असतो; ट्रकवाले ४० नंबरच्या चॅनेलवर बोलतात, कॅरॅव्हानवाले बहुतेक १८ वर. म्हणजे तुमचं भांडण सगळा तळ ऐकतो. पहिल्या आठवड्यात आमचं ऐकून शेजारच्या खुर्च्यांवरची माणसं हसली. दुसऱ्या दिवशी सून वायरलेसवर मराठीत बोलायला लागली. "अजून मागे, अजून, डावीकडे घ्या, झाड आहे, थांबा!"

नातवाचे डोळे चमकले. इतकी माणसं ऐकतात आणि कोणाला काही कळत नाही! त्यानं ते काम आपल्याकडे मागून घेतलं. मग शेजाऱ्याच्या टोपीबद्दल मराठीत, पेट्रोल पंपावरच्या कुत्र्याबद्दल मराठीत. चुकायचा, अडायचा, आणि शब्द मागायला माझ्याकडे यायचा, कारण त्याला तो शब्द लगेच हवा असायचा. महिन्याभरानं एकदा म्हणाला, "आजी, तुझं पाणी उकळून राहिलंय." सुनेनं कपाळाला हात लावला. आठ वर्षं पुण्याची मराठी शिकवली आणि पोरगं आपली ग्वाल्हेरी बोलायला लागलं! मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही, आनंदानं.

मी विचार करत राहिले की आठ वर्षांत जे झालं नाही ते एका महिन्यात कसं झालं. त्याला मराठीवर प्रेम करायला आम्ही शिकवत होतो. मराठीला त्याच्यासाठी काम काही नव्हतं. इथे भाषेला काम मिळालं. आता आपल्याकडे वळून बघा. दूधवाल्याशी हिंदी, बँकेत हिंदी, नातवंडांशी हिंदी-इंग्रजी. मराठी आपण या सभागृहासाठी, गणपतीसाठी आणि लग्नपत्रिकेसाठी जपून ठेवली आहे, कुलपातल्या नऊ खोल्यांसारखी. हे मी तुम्हाला नव्हे, आधी मलाच सुनावते आहे.

पुढे नलारबोर. नाव लॅटिन, अर्थ 'एकही झाड नाही'. चुनखडीचं सपाट पठार, सुमारे दोन लाख चौरस किलोमीटर. मी वर्गात फळ्यावर आर्टेशियन विहिरी आणि मेंढ्या काढायचे, पण सपाटी म्हणजे काय ते मला तिथे कळलं. सेडुना ते नॉर्समन सुमारे बाराशे किलोमीटर, मध्ये फक्त पंप, खानावळ आणि चार खोल्या अशी रोडहाउसं. काही ठिकाणी रस्त्यावरच विमानपट्टीच्या खुणा रंगवलेल्या. फ्लाइंग डॉक्टरांचं विमान तातडीच्या वेळी तिथे उतरतं. ती सेवा १९२८ पासून आहे. दूरच्या घरांना डॉक्टर बोलावता यावा म्हणून त्या काळी पायानं पेडल मारून चालवायचे वायरलेस संच बनवले होते.

वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या वेशीवर नाका आहे. फळं, भाज्या, मध आत नेऊ देत नाहीत, कीड आणि रोग शेतीत जाऊ नयेत म्हणून. आदल्या रात्री आम्ही उरलेले कांदे, बटाटे, टोमॅटो सगळे शिजवून टाकले. एवढी भाजी मी पंगतीनंतर प्रथमच पाहिली.

कायगुनाहून पुढे १४६ किलोमीटरांचा रस्ता एकही वळण न घेता जातो. त्यावर साठेक किलोमीटर गेलो असू, तोच वायरलेसवर मागच्या ट्रकचालकाचा आवाज आला की तुमच्या डाव्या चाकातून धूर येतोय. थांबलो. चाकाचा मधला भाग हात लावता येणार नाही इतका तापलेला, ग्रीस वितळून बाहेर आलेलं. बेअरिंग गेलं होतं. निघण्यापूर्वी ते काम एका वर्कशॉपमधून करून घेतलं होतं. त्यांनी नट प्रमाणाबाहेर आवळला होता. फोनला रेंज नाही. ऊन चढलेलं. मुलाचा चेहरा मी पाहिला. निम्मी हत्यारं आम्ही काट्यावर काढून ठेवली होती, त्यातच बेअरिंग काढायचा ओढणा होता.

अर्ध्या तासात एक कॅरॅव्हान थांबली. सत्तरीतलं जोडपं. म्हाताऱ्यानं काही न विचारता पेटी उघडली. त्याच्याकडे ओढणाही होता आणि आमच्या धुऱ्याला बसणारा बेअरिंगचा संचही. तीन तास दोघं रस्त्याच्या कडेला धूळ खात होते. पैसे घेतले नाहीत. पुढच्या गावात तसाच संच विकत घेऊन जवळ ठेवा आणि तो कोणालातरी लागेल तेव्हा द्या, एवढंच म्हणाला. मी दशम्या आणि लसणाची चटणी दिली.

बाईंशी मी चहा घेत बसले. त्यांनी सात वर्षांपूर्वी घर विकलं होतं. तेव्हापासून हेच. मी विचारलं, चुकल्यासारखं वाटत नाही? त्या म्हणाल्या, घर चुकत नाही. मग थोडं थांबून म्हणाल्या, नातीला जन्मापासून तीनदाच पाहिलंय. त्यांनी फ्रीजच्या दारावरचा तिचा फोटो दाखवला. हे मी तुम्हाला मुद्दाम सांगते. घर सोडणं म्हणजे मोक्ष, असं सांगायला मी आलेली नाही. त्या बाईंचं बिऱ्हाड पाठीवर होतं, पण माणसं मागे राहिली होती. माझ्या वाड्यात भिंती जागेवर होत्या, आणि माणसं? तीही गेलेलीच.

पर्थहून उत्तरेला, मग ब्रूम, मग डार्विन. समुद्र, मोत्यांचं गाव, मगरींच्या पाट्या लावलेल्या नद्या. ते सगळं सुंदर आहे, पण त्याचे फोटो नात दाखवेल. उत्तरेकडे मे ते ऑक्टोबरातच जायचं, एरवी पावसानं रस्ते बंद होतात, एवढं लक्षात ठेवा. रस्त्यावर त्रेपन्न मीटर लांबीपर्यंतचे ट्रक भेटतात, त्यांना रोड ट्रेन म्हणतात. तो ओलांडून जाताना मी रामरक्षा म्हणायचे.

डार्विनहून दक्षिणेला ऍलिस स्प्रिंग्जकडे उतरलो. हा रस्ता बराचसा १८७२ साली पुऱ्या झालेल्या तारेच्या मार्गानं जातो. त्या काळी वाळवंटात सामान उंटांवर जायचं. १८६० साली एका मोहिमेसाठी कराचीहून उंट आणि ते हाकणारी माणसं नेली होती, पुढे हजारो उंट आले. माणसं सिंध, बलुचिस्तान, पंजाब, अफगाणिस्तान अशी कुठकुठची, पण तिथे सगळ्यांना सरसकट 'अफगाण' म्हणत. आजच्या 'घॅन' या रेल्वेचं नाव त्यावरूनच आहे. मोटारी आल्यावर उंट मोकळे सोडले. त्यांचे वंशज रानटी होऊन अजून फिरतात, आम्हाला दिसले. मी नातवाला म्हटलं, आपल्याकडची माणसं इथे आपल्या आधी दीडशे वर्षं बिऱ्हाड पाठीवर घेऊन आली होती, आणि ते बिऱ्हाड दुसऱ्याचं होतं.

ऍलिस स्प्रिंग्जला १९५१ पासून आकाशवाणीची शाळा आहे. शेकडो किलोमीटर दूर गुरांच्या कुरणांवर राहणाऱ्या मुलांना तिथून वायरलेसवर शिकवत. आता इंटरनेटवर शिकवतात. मास्तरीण म्हणून मी तिथे बराच वेळ उभी राहिले.

मग उलुरू. सपाट वाळवंटात ३४८ मीटर उंच लाल खडक, भोवती पायी फिरायला दहा किलोमीटर. ही अनंगू लोकांची भूमी. सरकारनं ती त्यांना २६ ऑक्टोबर १९८५ रोजी परत केली. खडकावर चढू नका, अशी त्यांची पर्यटकांना कित्येक वर्षं विनंती होती, आणि २०१९ साली त्याच तारखेपासून चढणं बंद झालं. नातू विचारत होता, का नाही चढायचं? मुलगा म्हणाला, देव्हाऱ्यावर कोणी चढतं का? ते त्याला पटलं.

मला मात्र दुसरं काहीतरी लागलं. अनंगू आणि त्यांच्यासारखे इतर मूळचे लोक हजारो वर्षं तळ हलवत राहिले. सामान थोडं, आज इथे, उद्या पुढच्या पाण्यावर. तरी त्यांच्याइतकी मातीची माणसं दुसरी नाहीत. प्रत्येक पाणवठ्याला नाव, प्रत्येक नावाला गोष्ट, आणि ती गोष्ट सांगणं हे मोठ्यांचं कर्तव्य. युरोपीय आले तेव्हा त्या खंडात सुमारे अडीचशे भाषा होत्या. त्यातल्या बहुतेक आज मुलांच्या तोंडी नाहीत, कारण जमिनी काढून घेतल्या गेल्या आणि पोरं आईबापांपासून तोडली गेली. सहज गेल्या नाहीत, घालवल्या गेल्या. आपल्यावर तसं कोणी काही केलेलं नाही. आपण मराठी सोडतोय ती आपल्या सोयीनं.

तिथे बसून मी स्वतःला विचारलं, वाड्याची किती गोष्ट मी नातवंडांना सांगितली? विहिरीला 'काकूची विहीर' का म्हणतात? मला माहीत होतं. कधी सांगितलंच नव्हतं. त्या रात्री सांगितलं. मग रोज एक. पूर्व किनाऱ्यावर येईपर्यंत वाड्याच्या चौदाही खोल्या सांगून झाल्या.

पूर्वेला वूलगूल्गा नावाचं गाव लागतं. शीख केळीबागायतदारांचं. ऑस्ट्रेलियातलं पहिलं गुरुद्वार इथे १९६८ साली झालं. आपल्या किल्ल्यावर दाता बंदी छोड आहे, म्हणून मला तिथे परकं वाटलं नाही. लंगरात एक पंजाबी आजी पोळ्या लाटत होती, शेजारी तिची इंग्रजी बोलणारी नात तव्यावर. हुकूम सगळे पंजाबीत. नातवानं मला कोपरानं ढोसलं आणि म्हणाला, "यांचा पण वायरलेस आहे."

ऑक्टोबरात मेलबर्नला परतलो. घराच्या दारात मुलगा म्हणाला, सहा महिने झाले. वाड्याचा शब्द त्यानं अजूनही काढला नाही. मीच म्हटलं, कागद पाठव.

वाडा मी विकला. तुमच्यातल्या काहींनी मला विचारलं, शिंदेशाहीतली वास्तू बाईनं काढून टाकली, काही वाटलं नाही? वाटलं. किल्ल्या देताना हात थरथरत होता. ज्या दिवशी दिल्या त्या दिवशी जेवण गेलं नाही. पण मी मनातल्या मनात एक ताडपत्री अंगणात पसरली होती आणि सगळं तिच्यावर मांडून पाहिलं होतं. पाणी कुठलं आणि खलबत्ता कुठला, ते वेगळं करायला मला सहा महिने आणि चोवीस हजार किलोमीटर लागले. वाडा खलबत्ता निघाला. घरातले मोडी कागद, यजमानांची पुस्तकं आणि नातवाशी रोज मराठीत बोलणं, हे पाणी. आता रोज रात्री आमचा अर्धा तास फोन असतो. तो तिकडून त्याच्या शाळेतल्या कागाळ्या सांगतो. आई-बाबांना कळू नये असं काही असलं की आवाज हळू करतो, भाषा मात्र मराठीच.

शेवटी एक काम. यजमानांची आठशेच्या वर पुस्तकं मी मंडळाच्या वाचनालयाला दिली आहेत. ती या सभागृहामागच्या खोलीत पेट्यांत पडून आहेत. त्यांची नोंद करायची आहे. मी दर गुरुवारी चार वाजता येते. मला दोन माणसं हवी आहेत. एक शाळकरी मूल असलं तर फार बरं. त्याला मराठी नीट वाचता आली नाही तरी चालेल. पुस्तकाचं नाव मोठ्यानं वाचून मला सांगायचं, एवढंच त्याचं काम. चहा मी आणीन.